डोळ्याच्या पाठीमागची वाट

पुण्याहून नाशिकच्या रस्त्यानें निघालें म्हणजे मंचर लागतें. तेथें पश्चिमेस वळून घोडेगांव आणि डिंभें मागें टाकलें व पोखरीचा घाट चढून गेलें, कीं सह्याद्रीच्या माथ्याजवळ तळेघर हें गांव येतें. भीमाशंकरचे यात्रेकरू याच वाटेनें जातात. त्यामुळें गांवाचें नांव पुष्कळांच्या कानांवरून गेलेलें असतें. पण तेथें उतरण्याचें कारण बहुतेकांस पडत नाहीं. भोंवतीं महादेव कोळी समाजाची वस्ती, खाचरांतून भात, रानांत हिरडा, आणि आषाढ-श्रावणांत असा पाऊस व असें धुकें, कीं दहा हातांवरचा माणूस दिसूं नये.

वैद्यकविषयक भाषणाचा आरंभ अशा गांवापासून कां, असें आपणांस वाटेल. आजचा विषय आहे, डोळ्याच्या अगदीं मागच्या भागांत औषध कसें पोंचलें, हा. हा इतिहास एका वाटेचा इतिहास आहे. ती वाट अवघी इंचभर लांब. पण ती चालून जाण्यास मनुष्याला शेंकडों वर्षें लागलीं. ती सरली असें वाटतें न वाटतें, तोंच दुसरी एक वाट उरलेलीच आहे असें ध्यानांत आलें. ती तळेघरची वाट. तिचा विचार शेवटीं करूं.

प्रथम त्या इंचभर वाटेचा भूगोल पाहूं. मनुष्याच्या डोळ्याची समोरून मागपर्यंतची लांबी सुमारें २४ मिलिमीटर असते. समोर कांचेसारखा पारदर्शक पडदा, त्यामागें बाहुली, बाहुलीमागें भिंग. आणि भिंगामागची सारी पोकळी अंड्यांतील पांढऱ्या भागासारख्या स्वच्छ व दाट रसानें भरलेली. या रसास काचाभ द्रव म्हणतात. तो सुमारें चार मिलिलिटर, म्हणजे चहाच्या चमच्याहून थोडा कमीच असतो. त्याच्या पलीकडे, डोळ्याच्या आंतल्या भिंतीस अस्तर लावावें तसें दृष्टिपटल पसरलेलें असतें. त्याच्या मध्यावर पीतबिंदु नांवाची लहानशी जागा आहे. पोथीचें अक्षर, सुईचें नेढें, तांदळांतला खडा आणि समोरच्या माणसाचा चेहरा, हें सारें ज्या बारकाव्यानें दिसतें तो या एवढ्याशा जागेचा प्रताप होय.

या दृष्टिपटलास रोग झाला, तर तेथवर औषध न्यावयाचें कोणत्या मार्गानें? डोळ्यांत थेंब घालावे, तर त्यांतील बहुतेक भाग अश्रूंबरोबर नाकाच्या वाटेनें निघून जातो. जो अल्प भाग आंत शिरतो तो पुढच्या भागांतच राहतो. कारण डोळ्यांतील पाण्याचा ओघ मागून पुढें आहे. पोटांतून किंवा शिरेंतून औषध द्यावें, तर निराळीच अडचण. १८८५ सालीं जर्मनींत पाउल एर्लिक यांस असें आढळलें, कीं प्राण्याच्या रक्तांत विशिष्ट रंग सोडला असतां शरीराचे बहुतेक अवयव रंगतात, मेंदू मात्र कोरा राहतो. १९१३ सालीं श्नाउडिगेल यांस तोच प्रकार दृष्टिपटलाच्या बाबतींत दिसून आला. दृष्टिपटलांतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट विणीच्या असतात, कीं रक्तांतील पुष्कळसे पदार्थ त्यांतून बाहेर पडूंच शकत नाहींत. वाड्याच्या दिंडीवर पहारेकरी असावा, तशी ही व्यवस्था आहे. निरोगी स्थितींत ती उपकारक. परंतु रोग एकदां आंत शिरला म्हणजे तोच पहारेकरी वैद्यालाहि बाहेर अडवून धरतो.

मग उरला एकच मार्ग. भिंतीला छिद्र पाडून सरळ आंत जावयाचें. हें ऐकतांच अंगावर कांटा उभा राहतो. पण डोळ्यांत सुई घालण्याची कल्पना आपल्या देशाला नवी नाहीं. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत मोतीबिंदूचें शस्त्रकर्म सांगितलें आहे. शलाकेचें टोंक जवाच्या आकाराचें असावें. बुबुळाच्या काळ्या कडेपासून पांढऱ्याचे दोन भाग सोडून बाहेरच्या कोपऱ्याच्या बाजूस वेध करावा. डावा डोळा उजव्या हातानें आणि उजवा डोळा डाव्या हातानें विंधावा. वेध बरोबर साधला म्हणजे पाण्याचा थेंब बाहेर येतो व बारीकसा आवाज होतो, इतका तपशील तेथें दिलेला आहे. गढूळ झालेलें भिंग बाहुलीसमोरून बाजूस सारावें आणि उजेडाला वाट करून द्यावी, एवढाच त्यांत हेतु होता. मोतीबिंदु पाडणारे फिरस्ते लोक हीच विद्या हातीं घेऊन पुढें शतकानुशतकें गांवोगांव हिंडले. त्यांच्या हातून कित्येकांस दृष्टि मिळाली, आणि सुई स्वच्छ नसल्यामुळें कित्येकांचे डोळे कायमचे गेले.

मात्र ती शलाका भरीव होती. ती आंतील वस्तु बाजूला सारूं शके. आंत कांहीं नेऊं शकत नसे. अकराव्या शतकाच्या आरंभास अम्मार इब्न अली या मोसलच्या नेत्रवैद्यानें पोकळ सुईनें मोतीबिंदु शोषून काढण्याची युक्ति लिहून ठेविली आहे. पण तिचाहि उपयोग बाहेर काढण्यापुरताच. पोकळ सुईंतून औषध आंत सोडावें, ही गोष्ट घडण्यास एकोणिसावें शतक उजाडावें लागलें.

त्या शतकांत चार शोध एकामागून एक लागले. १८४४ सालीं डब्लिन येथें फ्रान्सिस रिंड यांनीं पोकळ सुईनें कातडीखालीं औषध सोडलें, आणि १८५३ सालीं एडिंबरोचे अलेक्झांडर वुड व फ्रान्सचे शार्ल प्रावाझ यांनीं स्वतंत्रपणें पिचकारी उपयोगांत आणली. १८५१ सालीं हेल्महोल्ट्झ यांनीं नेत्रदर्शक यंत्र प्रसिद्ध केलें. त्यामुळें जिवंत माणसाचें दृष्टिपटल प्रथमच नीट पाहतां येऊं लागलें. १८६७ सालीं लिस्टर यांनीं जखमेंतील जंतूंचा बंदोबस्त कसा करावा तें दाखविलें. राहिली वेदना. व्हिएन्ना येथील कार्ल कोलर हा सव्वीस वर्षांचा तरुण डॉक्टर. कोकेनच्या द्रावणाचे थेंब घातले असतां डोळा बधिर होतो, हें त्यानें १८८४ सालीं शोधून काढलें. हायडेलबर्गच्या नेत्रवैद्यांच्या सभेस जाण्याइतके पैसे त्याच्यापाशीं नव्हते; म्हणून त्याचा निबंध दुसऱ्या एका डॉक्टरानें वाचून दाखविला. त्याच वर्षीं न्यूयॉर्कचे हेर्मान नाप यांनीं पिचकारीनें नेत्रगोलाच्या मागें कोकेन सोडून तेथील वेदना थांबविली. डोळ्याच्या पाठीमागें औषध घेऊन गेलेली ही आरंभींची सुई. पण ती गोलाच्या बाहेरूनच फिरून आली होती.

महाराष्ट्राची आणि पिचकारीची खरी ओळख झाली ती १८९७ सालीं, प्लेगाच्या धामधुमींत. त्या वर्षीं १० जानेवारीस मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत हाफकिन यांनीं आपण तयार केलेली लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. दंडांत सुई घेण्यासहि लोक भीत असत, असा तो काळ. डोळ्यांत सुई घ्यावी, असें त्या वेळीं कोणास सांगितलें असतें, तर त्यानें गांवच सोडलें असतें.

परंतु पुढचें पाऊल फार दूर नव्हतें. १९११ सालीं जर्मनींतील ओम या नेत्रवैद्यानें, सुटलेलें दृष्टिपटल पुन्हां भिंतीस टेकावें म्हणून, काचाभ द्रवाच्या जागीं हवा सोडली. म्हणजे सुई आंत गेली. पण तिनें नेलें तें औषध नव्हतें. औषध नेण्याची वेळ आली ती दुसऱ्या महायुद्धांत. डोळ्याच्या आंत जंतु शिरून पू झाला, तर तो डोळा काढून टाकण्यापलीकडे फारसें कांहीं करतां येत नसे. पेनिसिलीन निघालें, पण रक्तांतून दिलें तरी पहारेकरी त्यास आंत सोडीना. तेव्हां लुडविग फॉन साल्मान यांनीं १९४३–४४ च्या सुमारास सशांच्या डोळ्यांत तें सरळ काचाभ द्रवांत सोडून पाहिलें, आणि १९४५ सालीं इंग्लंडांत बेंजामिन रायक्रॉफ्ट यांनीं आंतील पुवाच्या रोगांवरील पेनिसिलीनच्या उपयोगाविषयीं निबंध प्रसिद्ध केला. येथें आपल्या जिल्ह्याचाहि थोडा संबंध येतो. पेनिसिलीनसाठीं परदेशाकडे पाहावें लागूं नये म्हणून १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. तिचा कारखाना आपल्या पिंपरीस उभा राहिला.

पण सुई आंत गेली म्हणजे काम झालें असें नव्हे. जें औषध जंतूंस मारतें तें जरा अधिक झालें, तर दृष्टिपटलासहि मारतें. रक्तांत औषध दिलें तर तें पांच लिटरांत पसरतें. येथें तें चार मिलिलिटरांत कोंडलें जातें. तेव्हां मात्रेचें गणित नव्यानें मांडणें भाग होतें. इराणांत जन्मलेले व अमेरिकेंत काम करणारे घोलाम पेमन यांनीं १९७० नंतरच्या दशकांत हें काम चिकाटीनें केलें. कोणतें प्रतिजैविक किती दिलें असतां दृष्टिपटल सुरक्षित राहतें, हें प्रयोगांनीं ठरल्यावर ही टोचणी सर्वत्र रूढ झाली. पुढें एड्सच्या सांथींत दृष्टिपटल पोखरणाऱ्या एका विषाणूवर डोळ्यांतच औषध देण्यांत येऊं लागलें, आणि १९९८ सालीं त्यासाठीं फोमिव्हिर्सेन या औषधास अमेरिकेंत मान्यता मिळाली. या रोग्यांना एकाच डोळ्यांत पुनःपुन्हां टोचावें लागे. डोळा तें सहन करतो, हा धडा त्यांच्यापासून मिळाला.

आतां या कथेचा दुसरा धागा घेऊं. मधुमेहांत, तसेंच म्हातारपणीं पीतबिंदूच्या एका रोगांत, दृष्टिपटलापाशीं नव्या रक्तवाहिन्या फुटतात किंवा असलेल्या वाहिन्या पाझरूं लागतात. या नव्या वाहिन्या कच्च्या असतात. त्या गळतात, फुटतात आणि दृष्टि बुडवितात. त्या कां फुटतात? १९४८ सालीं मायकेलसन यांनीं असा तर्क मांडला, कीं प्राणवायूची टंचाई झालेलें दृष्टिपटल स्वतःच एक द्रव्य निर्माण करून नव्या वाहिन्यांस बोलावून घेतें. १९७१ सालीं ज्यूडा फोकमन यांनीं कर्करोगाच्या गांठींविषयीं अशाच स्वरूपाचा विचार मांडला. १९८९ सालीं नेपोलिओने फेरारा व त्यांचे सहकारी यांनीं रक्तवाहिन्या वाढविणारें एक द्रव्य वेगळें काढलें, आणि १९९४ सालीं मधुमेही रोग्यांच्या डोळ्यांतील द्रवांत तें प्रत्यक्ष सांपडलें. म्हणजे रोगाला बोलावणारा आंतलाच होता. त्याचा आवाज बंद करणारें औषध हवें होतें, आणि तें पहारेकऱ्याला चुकवून आंत नेणें अवश्य होतें. तोंवर लेसर किरणांनीं त्या वाहिन्या जाळण्याचा उपाय चाले. पण पीतबिंदूच्या मधोमध जाळलें, तर रोगाबरोबर दृष्टीहि जळे.

२००४ च्या डिसेंबरांत अशा पहिल्या औषधास, पेगॅप्टानिब यास, अमेरिकेंत मान्यता मिळाली. २००६ सालीं रॅनिबिझुमॅब आलें. वार्धक्यामुळें होणाऱ्या रोगाच्या बाबतींत, गेलेली दृष्टि कांहीं अंशीं परत येतांना डॉक्टरांनीं प्रथमच इतक्या प्रमाणांत पाहिली. चाचणींतील सुमारें एक तृतीयांश रोग्यांना तक्त्यावरील पंधरा किंवा अधिक अक्षरें जास्त वाचतां येऊं लागलीं. परंतु अमेरिकेंत त्याच्या एका मात्रेची किंमत तेव्हां दोन हजार डॉलरांच्या घरांत होती. त्यापूर्वींच, २००५ सालीं, मायामीचे फिलिप रोझेनफेल्ड यांनीं एक धाडस केलें होतें. आंतड्याच्या कर्करोगासाठीं निघालेलें बेव्हासिझुमॅब हें त्याच कुळांतलें औषध. त्याचा अगदीं थोडा अंश त्यांनीं रोग्याच्या डोळ्यांत टोचला. त्याची मात्रा पन्नास डॉलरांच्या आसपास पडे. दोहोंची तुलना सरकारी खर्चानें अमेरिकेंतच झाली, आणि २०११ सालीं निकाल लागला, कीं वर्षाच्या अखेरीस दृष्टीच्या बाबतींत दोन्ही औषधें सारखींच. २०१३ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें बेव्हासिझुमॅबला नेत्ररोगांसाठीं अत्यावश्यक औषधांच्या यादींत घेतलें. आपल्या देशांत रॅनिबिझुमॅबचा देशी पर्याय २०१५ सालीं बाजारांत आला. तशा प्रकारचा तो जगांतील पहिलाच होता.

ही टोचणी देतात तरी कशी? रोग्याला निजवून डोळा थेंबांनीं बधिर करतात, आयोडीनच्या द्रावणानें पापण्या व डोळा धुतात, पापण्या चिमट्यानें उघड्या ठेवतात. केंसासारख्या बारीक सुईनें बुबुळाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटरांवर, पांढऱ्या भागांत वेध घेतात. कारण तेथें पुढें भिंग नाहीं आणि मागें दृष्टिपटलहि नाहीं. औषध किती, तर एका मिलिलिटराचा विसावा भाग; म्हणजे नुसता एक थेंब. सुई आंत असते ती कांहीं क्षणच. सुश्रुतानें वेधासाठीं सांगितलेली जागा आणि ही जागा एकमेकींच्या फार जवळ आहेत. हेतु बदलला, सुई पोकळ झाली; डोळ्याची रचना मात्र तीच राहिली, म्हणून दोघांनाहि तोच दरवाजा सांपडला.

धोका नाहीं असें नाहीं. कांहीं हजार टोचण्यांत एखाद्या डोळ्यांत जंतु शिरतात. स्वस्त औषधाची एक मोठी कुपी फोडून तींतून अनेक पिचकाऱ्या भरतात. तेथें स्वच्छता चुकली, तर एकाच दिवशीं अनेकांचे डोळे जातात. असे प्रकार आपल्याकडेहि घडले आहेत आणि परदेशांतहि. म्हणून टोचणीनंतर डोळा दुखूं लागला, लाल झाला किंवा अंधुक दिसूं लागलें, तर सकाळपर्यंत थांबूं नये.

परंतु या उपचाराची खरी मर्यादा निराळीच आहे. हें औषध रोग बरा करीत नाहीं. त्याला आवरून धरतें. महिना-दोन महिन्यांत त्याचा अंमल ओसरतो आणि बहुतेक रोग्यांना सुई पुन्हां घ्यावी लागते; आरंभीं तर दरमहा. चाचणींत नेमानें टोचून घेणाऱ्यांना जी दृष्टि लाभली ती व्यवहारांत, जेथें फेऱ्या चुकतात तेथें, हळूहळू ओसरून गेली, असाच देशोदेशींचा अनुभव आहे. येथें तळेघरची वाट सुरू होते.

समजा, तळेघरच्या एखाद्या आजीला मधुमेह आहे आणि एक डोळा मंदावत चालला आहे. मधुमेह हा आतां केवळ शहरचा रोग राहिलेला नाहीं. दुसरा डोळा चांगला असल्यानें बरेच दिवस तिच्या ध्यानांतच येत नाहीं. गांवांत प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, घाट उतरल्यावर घोडेगांवीं ग्रामीण रुग्णालय आहे, मंचरला उपजिल्हा रुग्णालय आहे. पण दृष्टिपटलाचा तज्ज्ञ बहुधा मोठ्या शहरांतच भेटतो. एका फेरीचा अर्थ असा: तिचा एक दिवस, सोबतीला येणाऱ्या मुलाची एका दिवसाची मजुरी, आणि येण्याजाण्याचें भाडें. आषाढांत भाताच्या लावणीसाठीं घरांतील एकूण एक हात चिखलांत असतांना तिला घाट उतरवून कोण नेणार? आणि रोग तर लावणी संपेपर्यंत थांबत नाहीं. दोन फेऱ्या चुकल्या, कीं पीतबिंदूंत पुन्हां पाणी भरतें. तिसऱ्या वेळीं डॉक्टर म्हणतात, उशीर झाला.

नेत्रसेवेची परंपरा या मुलखांत लहान नाहीं. जवळच्या जुन्नर तालुक्यांत नारायणगांव येथील मोहन ठुसे नेत्र रुग्णालय व डॉ. मनोहर डोळे यांनीं खेड्यापाड्यांतील मोतीबिंदूच्या रोग्यांसाठीं पुष्कळ वर्षें काम केलें आहे. २०२४ सालीं डॉ. डोळे यांस पद्मश्री मिळाली. १९७६ सालीं सुरू झालेल्या अंधत्व-नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा भरहि प्रामुख्यानें मोतीबिंदूवरच राहिला, आणि तें योग्यच होतें. पण मोतीबिंदूचें काम एका बैठकींत उरकतें. शिबिर भरवावें, रोगी न्यावे, शस्त्रक्रिया करून घरीं पोंचवावे. दृष्टिपटलाच्या रोगाचें तसें नाहीं. मोतीबिंदूला शिबिर पुरतें. दृष्टिपटलाला पंचांग लागतें. दर महिन्याचा ठराविक दिवस, नेणारी गाडी, चुकलेल्या रोग्याचा शोध घेणारें माणूस, या साध्या वस्तु औषधाइतक्याच औषधी आहेत.

शास्त्र आपल्या बाजूनें अंतर कमी करीतच आहे. २०२२ पासून असें एक औषध आलें आहे, कीं कांहीं रोग्यांत दोन टोचण्यांमध्यें चार महिन्यांपर्यंत अवकाश ठेवतां येतो. औषध भरलेली, तांदळाच्या दाण्याएवढी टाकी डोळ्याच्या भिंतींत बसविण्यास २०२१ सालीं अमेरिकेंत मान्यता मिळाली. दृष्टिपटलाचें छायाचित्र तर डॉक्टर नसलेल्या शिकविलेल्या माणसालाहि काढतां येतें, आणि तें क्षणांत शहरच्या तज्ज्ञाकडे धाडतां येतें. म्हणजे रोगी घाट उतरण्यापूर्वीं त्याचा डोळा उतरूं शकतो. ही सोय गांवोगांवच्या आरोग्य केंद्रांत नित्याची झाली, तर निष्कारण फेऱ्या वांचतील आणि आवश्यक फेरी चुकणार नाहीं.

आपण शहरांत राहणारे श्रोते. आपणांपैकीं पुष्कळांचे आईवडील, काका-मामा अद्याप गांवीं आहेत. कित्येकांच्या घरीं कामास येणाऱ्या बायांचीं माणसें डोंगरांत आहेत. त्यांना दोन गोष्टी सांगाव्या. मधुमेह असेल, तर दिसण्यांत कांहीं उणें नसलें तरी वर्षांतून एकदां दृष्टिपटल तपासून घ्यावें. आणि मधूनमधून एक डोळा हातानें झांकून, दुसऱ्यानें दाराची चौकट किंवा खिडकीचे गज पाहावे. सरळ गज वांकडे दिसले, मध्येंच तुटल्यासारखे दिसले, तर त्या आठवड्यांतच डॉक्टरांकडे जावें. ज्यांची टोचणी चालू आहे त्यांची पुढची तारीख आपण आपल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी आणि आदल्या दिवशीं विचारावें, येतां ना?

सुश्रुताच्या शलाकेपासून आजच्या पोकळ सुईपर्यंत, इंचभर वाट चालून जाण्यास जगांतील थोर बुद्धिमान माणसांचें आयुष्य खर्ची पडलें. उरलेल्या वाटेसाठीं तेवढी बुद्धि लागत नाहीं. घाट चढून-उतरून कोणी सोबत करणारें असलें, म्हणजे पुरे.